अर्धी गोळी

घोड्याचा मागचा पाय उचलायचा असेल तर आधी त्याच्या खांद्याशी उभं राहावं लागतं. तिथून हात पाठीवर ठेवायचा, सरकवत सरकवत पुठ्ठ्यापर्यंत न्यायचा, थोडं थांबायचं, मग मांडीवरून खाली घोट्यापर्यंत. हात मध्ये उचलायचा नाही. उचललेला हात परत टेकला की घोडं दचकतं. बाबा हे कोणाला सांगत बसत नसत, नुसते करत. सौंसरला आमच्या घरापुढे कडुनिंब होता, त्याच्या खोडाला घोडं बांधलेलं असायचं आणि मी त्याचं तोंड धरून उभी असायची. घोड्याला बाईमाणसाचा आवाज मानवतो असं बाबांचं म्हणणं होतं. त्यामुळे शाळा सुटली की माझं काम ठरलेलं: मोरकी, म्हणजे तोंडाची दोरी, धरायची आणि काहीतरी बोलत राहायचं. मी पाढे म्हणायची. खाली बाबा वाकलेले, खूर मांडीवर घेतलेला, तोंडात खिळे धरलेले, आणि कानशीचा तो खरखर आवाज. आज इतक्या वर्षांनी कोणी लाकडावर कानस घासली तरी माझ्या तोंडून एकोणीसचा पाढा निघतो, आणि नातवंडं हसतात.

बाबा पलटणीत खेचरांच्या पागेत होते. तिथेच ते नालबंदी शिकून आले. आमच्या वस्तीत हा धंदा कोणाचाच नव्हता, पण तालुक्यात दुसरा नालबंदही उरला नव्हता, म्हणून जामसांवलीला भाविक नेणारे टांगेवाले, रामाकोन्याचे कास्तकार, लग्नात घोडी देणारे, सगळे आमच्याच कडुनिंबाखाली येत. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भाता, ऐरण आणि नालांचे ढीग, मागच्या खोलीत आम्ही. माय हंगामात संत्र्यांची छाटणी करायला जायची, आणि तिच्या हाताला सालीचा असा वास बसलेला असायचा की तिनं थापलेल्या ज्वारीच्या भाकरीलाही तो कडवट वास यायचा. आंबाडीची भाजी, भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा आणि ती संत्र्याच्या वासाची भाकर. माझी थोरली बहीण शकूताई नाक मुरडायची, पण भाकर मात्र माझ्यापेक्षा जास्त खायची. नागपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिटी झाली की माय ताटं मांडायची. घड्याळ आमच्याकडे नव्हतं. खूर तासल्यावर पडणारे काप शकूताई गोळा करून मागच्या वांग्यांच्या झाडांना घालायची. त्यांचा वास उग्र, पण वांगी चांगली यायची.

बाबांना लाथ बसली ती एका टांग्याच्या घोड्याची. त्या घोड्याला आदल्याच महिन्यात रस्त्यावर ट्रक घासून गेला होता, आणि हे त्याच्या मालकानं सांगितलंच नाही. बाबांनी मागचा पाय मांडीवर घेतला, तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मी तोंड धरलेलं होतं. मोरकी माझ्या हातातून अशी ओढली गेली की तळहाताची साल निघाली. पाहते तर बाबा कडुनिंबापासून लांब पडलेले, आणि त्यांच्या तोंडातले खिळे मातीत विखुरलेले. मांडीचं हाड मोडलं होतं. तो सगळा उन्हाळा ते खाटेवर होते. उठले तेव्हा एक पाय आखूड झाला होता.

पाय आखूड झाला त्याचं बाबांना फार वाटलं नाही. पण ते परत कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट पाहिली, आणि ती मी कोणाला बोलले नाही. एक साधं, म्हातारं, टांग्याचं घोडं होतं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पुठ्ठ्यापर्यंत नेला, आणि तिथून हात उचलला. परत ठेवला. परत उचलला. घोडं अस्वस्थ होऊन सरकायला लागलं. बाबांच्या कपाळावर घाम होता. मालकाला ते म्हणाले, "आज नाई जमत गा. पाय ठनकून राह्यला." पाय ठणकत नव्हता. माझा बाप घोड्याला भ्यायला लागला होता.

हे ओळखलं ते ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. जबलपूरकडचा तरुण माणूस होता, हिंदी बोलायचा. बाबांच्या पायाची चौकशी करायला आला आणि कडुनिंबाखाली बसून त्यानं बाबांचं काम पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक छोटी डबी घेऊन आला. तिच्यात पिवळ्या गोळ्या होत्या.

"घोडा डरता है तो आप डरते हैं, आप डरते हैं तो घोडा और डरता है," तो म्हणाला. "ये उसको थोडा ठंडा कर देगी. सुलाएगी नहीं. लेकिन भैया, तीन बातें. देके इंतजार करना. धूप में मत देना. और उस दिन उससे काम मत लेना, न टांगा, न सवारी."

बाबांनी विचारलं, "अन् लाथ मारन का?"

"मार सकता है," डॉक्टर हसला. "दवा है, जादू नहीं."

गोळी कुटून गुळात मळायची, तो गोळा कोंड्याबरोबर द्यायचा, आणि थांबायचं. हळूहळू घोड्याचे कान सैल पडायचे, मान खाली यायची, आणि मग खालचा ओठ लोंबायला लागायचा. ओठ लोंबला की बाबा उठायचे. त्यांचा हात पुन्हा पहिल्यासारखा सरकायला लागला. मायनं त्या दिवसांत एकदा गोडाचे पानगे केले, कशासाठी ते सांगितलं नाही. बाबा डॉक्टरांचे नियम तंतोतंत पाळत. भुजाडं, म्हणजे बुजणारं घोडं असेल तरच गोळी, आणि गोळी दिलेलं घोडं संध्याकाळपर्यंत सावलीत बांधून ठेवायचं. मालक कितीही घाई करो, बाबा दोर सोडत नसत. "उद्या ने," एवढंच. पुढे त्या डॉक्टरांची बदली झाली, पण दवाखान्यातून गोळ्या मिळत राहिल्या.

आता मी छिंदवाड्याला लेकाकडे राहते. लग्नसराईत आमच्या गॅलरीखालून वराती जातात. पूर्वी बँड होता, आता मोठमोठे भोंगे लावलेल्या गाड्या. काचा हादरतात. त्या गदारोळात पांढरी घोडी शांत चाललेली असते. सूनबाई म्हणते, "किती गुणाची आहे बघा." मी घोडीच्या ओठाकडे पाहते आणि आत येऊन बसते.

शकूताईचं लग्न तिगावच्या सुधाकरशी ठरलं. तो रेल्वेत पॉइंट्समन होता, वडील नव्हते, आई यमुनाबाई शेतावर कामाला जायची. पाहायला आला तेव्हा त्यानं शकूताईला काही विचारलं नाही. बाबांच्या ऐरणीपाशी बसून नाल कसा वाकवतात ते पाहत राहिला. नंतर दोनदा कसल्या ना कसल्या निमित्तानं येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा शकूताईनं त्याला वांग्याची भाजी वाढली, आणि ही वांगी कशावर वाढतात ते मी सांगून टाकलं. तो क्षणभर घास हातात धरून बसला, मग म्हणाला, "तरीच घोडं धावून राह्यलं पोटात." शकूताई हसत हसत आत पळाली. ते हसू माझ्या कानात अजून आहे. त्याच्यानंतर ती तशी हसली नाही.

घोडीची गोष्ट काढली ती सुधाकरच्या चुलतभावानं, अशोकनं. आमच्या वस्तीतला कोणताही नवरदेव तोवर घोड्यावर बसून बाजारातून आला नव्हता. कोणी कायद्यानं मना केलं नव्हतं, पण शेजारच्या एका गावात एकाला चौकात ओढून खाली उतरवलं होतं, आणि त्यानंतर सगळे पायीच येत. अशोक म्हणाला, "नवरीचा बाप साऱ्या तालुक्याच्या घोड्याइले नाल ठोकते, अन् जवाई पायी यील? लोक हासतीन." बाबा आधी नको नको म्हणत होते. मग एके दिवशी पाहिलं तर ते ऐरणीवर नवे नाल घडवत होते, आणि एकेका नालाला इतका वेळ घासत होते की माय म्हणाली, "चांदीचे करता का?" वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया येऊन विचारायच्या, "खरंच घोडीवर येनार हाये का गा?" पोलीस ठाण्यात सांगून ठेवलं, दोन शिपाई मिळणार होते. घोडी पांढुर्ण्याच्या एका मालकाची ठरली. तिच्याबरोबर येणारा सईस म्हणजे फत्तूबाबा. म्हातारा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली, कुठून तरी उत्तरेकडून लहानपणी आलेला, मागेपुढे कोणी नसलेला. तो नेहमी आमच्याकडे नाल मारायला घोडी आणायचा आणि बाबांना भैया म्हणायचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी फत्तूबाबा घोडी घेऊन पोचला. आदल्या दिवशी पांढुर्ण्याहून निघाला होता, वाटेत मुक्काम करून. घोडी पांढरी शुभ्र, पण मानेला धुळीचे ओघळ. ती अंगणात शिरतानाच बाबांनी कान टवकारले. दगडावर तिच्या तीन पायांचा आवाज एकसारखा, चौथ्याचा वेगळा. मागच्या डाव्या पायाचा नाल सुटत आला होता, आणि एक खिळा वाकून बाहेर आला होता. तसाच पाय ठेवला तर खिळा आत रुतणार. बाबांनी घडवलेले नवे नाल तयारच होते. फत्तूबाबाला मायनं चहा दिला आणि मागच्या ओसरीवर चटई टाकून दिली. चालून थकलेला माणूस लगेच घोरायला लागला.

बाबांनी घोडीच्या पाठीवर हात ठेवला. पुठ्ठ्यापर्यंत जाण्याआधीच तिनं झटका दिला. दुसऱ्यांदा तिनं पाय झाडला, तो वाऱ्यावर गेला, पण बाबा मागे सरकताना आखूड पायावर कलंडले. मी मोरकी धरून होते. मांडवाला आंब्याचे डहाळे बांधणारी पोरं काम थांबवून पाहत होती. बाबांच्या चेहऱ्यावर मी पुन्हा तोच घाम पाहिला.

"पायीच येऊ द्या ना," माय हळूच म्हणाली. "काय अडलं?"

बाबा मांडवाकडे पाहत राहिले. वस्तीतल्या बाया रस्ता झाडत होत्या. चौकापर्यंत झाडणार होत्या त्या, जिथून घोडी येणार होती तिथपर्यंत. "आता कसं पायी?" ते म्हणाले. "वस्ती कवाची वाट पाहून राह्यली." मग आत जाऊन डबी घेऊन आले. गोळीचे दोन तुकडे केले. एक परत डबीत टाकला. "अर्धीच देतो. दुपारपर्यंत उतरून जाईन. वरात तं उनं कलल्यावर हाये."

"फत्तूले सांगा," माय म्हणाली.

"सांगतलं तं तो हात लावू देनार नाई. दुसऱ्याची घोडी हाये. काम झालं का मोकळी."

अर्धी गोळी गुळात मळून दिली. आम्ही थांबलो. कान सैल पडले, ओठ थोडासा लोंबला. बाबांनी चारी पायांना नवे नाल ठोकले तेव्हा ती हललीही नाही. मी सतराचा पाढा म्हणत होते. फत्तूबाबा उठून आला तेव्हा घोडी सावलीत उभी होती आणि चारी पायांत नवे नाल चमकत होते. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वाह भैया." तिचं डोकं खाली आहे ते त्याला चालण्याच्या थकव्यानं वाटलं असणार. तिला पाणी पाजायला घेऊन जातो म्हणाला आणि तिला शाळेकडे घेऊन गेला. तिथेच वऱ्हाड उतरणार होतं.

वऱ्हाड ट्रकनं आलं. उन्हं कलली तरी दगड तापलेले होते. मी करवली, पण मांडवात बसवेना म्हणून आम्ही दोघी-तिघी पोरी बाजाराच्या गल्लीपर्यंत वरात पाहायला गेलो. पुढे बँड, मागे निळे झेंडे, मध्ये पांढऱ्या कपड्यात सुधाकर घोडीवर. एका हातानं लगाम धरलेला, दुसरा हात कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं, कधी मांडीवर, कधी कमरेवर. आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं रस्त्याच्या कडेला उभं राहून दोन्ही हात जोडले होते आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चौकात दुकानांपुढे काही माणसं उभी होती. हात बांधून, गप्प. दोन शिपाई त्यांच्यापुढे उभे होते.

बाबा वरपक्षाच्या भेटीसाठी पुढे आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ते जिकडे पाहत होते तिकडे पाहिलं. घोडीचा ओठ लोंबत होता. सकाळपेक्षा जास्त लोंबत होता. गळा आणि छाती घामानं काळपट झाली होती, आणि ती मागचे पाय फाकवून टाकत होती, दारू प्यालेल्या माणसासारखी. बाबा लंगडत धावले. मी त्यांना तसं धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फत्तूबाबाच्या हातातून लगाम घेतला आणि वर पाहून म्हणाले, "जवाईबुवा, उतरा. आत्ता उतरा."

बँडमुळे सुधाकरला नीट ऐकू आलं नाही. तो खाली वाकला.

"घोडी बरी नाई. उतरा म्हनतो ना मी!"

सुधाकरनं चौकातल्या त्या माणसांकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहून थोडा हसला. "मामाजी, इथं कसा उतरू? चौक पार होऊ द्या. पुढं उतरतो."

तेवढ्यात कोणीतरी फटाक्यांची लड लावली. आमच्याच पोरांनी, आनंदानं. घोडी एकदम डोकं वर करून उसळली, पण मागच्या पायांत जोर नव्हता. नवे नाल फरशीवर घसरले. ती बसल्यासारखी खाली गेली आणि मग सगळं अंग घेऊन उजव्या कुशीवर पडली. सुधाकरचा पाय रिकिबीत होता. खोगिराचा पुढचा लाकडी कंगोरा त्याच्या पोटात बसला. बँडवाल्यांतला एक जण न पाहता वाजवतच राहिला होता, एकटाच.

घोडी उचलायला कितीतरी जण धावले. बाबा तिच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले होते, तिचं डोकं धरून, तिला उठवत. ती उठली तेव्हा सुधाकर शुद्धीवर होता. पोटाला हात लावत म्हणाला, "काही नाई झालं, काही नाई." त्याच ट्रकमध्ये घालून त्याला नागपूरला नेलं. शकूताई पांढऱ्या साडीत मांडवातून धावत आली ती तशीच ट्रकमध्ये चढली. कोणी तिला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुधाकर गेला. आतल्या आत रक्त वाहत राहिलं होतं.

बातमी आली तेव्हा वस्ती विहारापुढे जमली होती. फत्तूबाबाला पोरांनी आदल्या संध्याकाळीच शाळेच्या खोलीत कोंडलं होतं. आता त्याला बाहेर आणून विहाराच्या खांबाला बांधलं. त्याच्या दाढीला रक्त होतं. अशोक नागपूरहून निरोप घेऊन आला होता, त्याचे डोळे सुजलेले. तो ओरडत होता, "घोडीले जहर देलं यानं! चौकातल्या लोकाइनं द्याले लावलं! आपला मानूस घोडीवर दिसला तं पाह्यवलं नाई त्याइले!" काही पोरांच्या हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. चौकातली दुकानं सकाळपासून बंद होती. म्हातारे थांबा थांबा म्हणत होते, पण त्यांचं ऐकण्याच्या पलीकडे गोष्ट गेली होती. फत्तूबाबाचे ओठ नुसते हलत होते.

बाबा घरातून निघाले तेव्हा माय त्यांच्या मागे आणि मी मायच्या मागे. ते गर्दीतून वाट काढत खांबापाशी गेले आणि त्यांनी खिशातून डबी काढली.

"जहर कोनी देलं नाई," ते म्हणाले. "गुंगीची गोळी देल्ली. म्या देल्ली. नाल ठोकाले. सकाळी, माह्या अंगनात, माह्या हातानं. याले ठाऊकबी नव्हतं. सोडा त्याले."

आधी कोणाला कळलंच नाही. मग अशोकनं विचारलं, "तुमी?"

"म्या. गोळी देल्यावर जनावर बाहेर काढाचं नसते. मले मालूम होतं. तरी काढू देल्लं."

अशोकनं बाबांच्या मुस्काटात मारली. डबी खाली पडली, पिवळ्या गोळ्या मातीत गेल्या. बाबांनी हात वर केला नाही. अशोक पुन्हा मारायला गेला तेव्हा मध्ये माय उभी राहिली, आणि मग अशोक तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. रॉकेलचा डबा कोणी नेला ते मी पाहिलं नाही. फत्तूबाबाचा दोर बाबांनीच सोडला. तो घोडीकडेही न पाहता रस्त्यानं चालत गेला.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. पोलिसांनी बाबांना नेलं, सोडलं, पुन्हा नेलं, आणि शेवटी अपघात म्हणून प्रकरण मिटलं. घोड्यांनी येणं बंद झालं की बाबांनी बंद केलं ते सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच झालं. भाता गुंडाळून ठेवला. बाबा एका संत्र्याच्या बागेत राखणीला जाऊ लागले. वस्तीतले लोक भेटले तर बोलत, पण आमच्या दारात कोणी बसत नसे. शकूताई सुधाकरच्या देहाबरोबर तिगावला गेली ती तिथेच राहिली. लग्न लागलं नव्हतं, पण यमुनाबाईनं तिला जा म्हटलं नाही आणि तिनं मी जाते म्हटलं नाही. पुढे ती तिथल्या बालवाडीत शिकवायला लागली. मायला भेटायची, मला भेटायची. बाबा घरात असताना ती कधीही आली नाही. बाबा तिगावला गेले तर पाण्याचा तांब्या बाहेर ठेवायची आणि दार लोटून घ्यायची. तो तांब्या तसाच भरलेला ठेवून बाबा परत यायचे.

फत्तूबाबा आमच्याकडे आला तो पोळ्याच्या आधी, भर दुपारी. वाळून काटकी झाला होता. मायनं पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. बाबांपुढे जमिनीवर बसला.

"मैंने भी दी थी, भैया," तो म्हणाला. "भांग. स्कूल के पीछे, आटे की गोली में. बरात में सब देते हैं. मुझे क्या पता था तुम दे चुके हो."

बाबा म्हणाले, "मालूम होतं मले. तिचं डोकं धरलं तवाच तोंडाचा वास आलता."

"फिर उस दिन बोले क्यों नहीं? सारा अपने सर पे..."

"बोललो असतो तं तू आज इथं बसला असता का?"

फत्तूबाबानं बाबांचे पाय धरले. बाबांनी ते सोडवून घेतले, जरा रागानंच. तो गेल्यावर माय म्हणाली, "शकूले तं सांगा. तिनं तरी पुरतं खरं आयकावं."

"अशोक तिच्याच गल्लीत राह्यते," बाबा म्हणाले. "तिच्या तोंडून एक शबद गेला तं तो बुढा पांढुर्ण्यात जिता राह्यत नाई. हे या घराच्या बाहेर जाऊ देजा नोका." त्यांनी मायकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी मान हलवली.

मी खूप वर्षं या गोष्टीचा विचार केला आहे. एकट्या अर्ध्या गोळीनं ती घोडी पडली नसती, आणि एकट्या भांगेनंही नसती पडली, असं मला वाटतं, वाटतं एवढंच. एकानं दुसऱ्याला सांगितलं असतं तर सुधाकर आज म्हातारा झाला असता. बाबांनी गोळीचं फत्तूबाबाला सांगितलं नाही ते काम अडू नये म्हणून, आणि नंतर भांगेचं शकूताईला सांगितलं नाही ते फत्तूबाबाचा जीव वाचावा म्हणून. पहिलं न सांगणं मला समजतं. दुसरंही समजतं. पण दोन्ही वेळा भोगलं ते शकूताईनं.

फत्तूबाबा काही वर्षांनी पांढुर्ण्याला आजारानं वारला. अशोक कामाला कुठे लांब निघून गेला. तरी बाबांनी तोंड उघडलं नाही, आणि त्यांना विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. ते तोवर फार कमी बोलायला लागले होते. बाबा गेले तेव्हा शकूताई आली. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. ती मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली, केस पांढरे झालेले, हातावर बालवाडीच्या खडूची पूड. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. भांग, घोडीच्या तोंडाचा वास, फत्तूबाबा दुपारी आला होता ते, आणि बाबा काय म्हणाले ते.

बाहेर कोणीतरी खाट उचलून नेत होतं, तिचे पाय दाराला अडत होते. ते लोक गेल्यावर शकूताईनं माझ्याकडे पाहिलं.

"मले तरी सांगाचं होतं त्याईनं," ती म्हणाली. "मी कोनाले माराले जात होती का?"